घराण्यात उतरणारे आजार, गुणसूत्रं आणि वंशवृक्ष: सीमाभागातून वारंवार येणारे प्रश्न

सोयरीक जमवताना, गर्भ पुन्हा पडल्यावर किंवा मुलाचा रिपोर्ट हातात आल्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि पलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गुणसूत्रं म्हणजे नेमकं काय? आईची किती, बापाची किती?

पेशीच्या केंद्रकात डीएनएचे लांब धागे असतात. पेशी विभागायला लागली की ते आखडून काठ्यांसारखे दिसतात, तीच गुणसूत्रं. माणसात ती ४६ असतात, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आणि एक वडिलांकडून येतं. पहिल्या २२ जोड्या बाई-पुरुषांत सारख्याच असतात. तेविसावी जोडी बाईत एक्स-एक्स, पुरुषात एक्स-वाय. १९५६ साली चियो आणि लेव्हान यांनी ४६ हा आकडा पक्का केला, त्याआधी तो ४८ समजला जाई.

एक फरक सुरुवातीलाच मनात ठेवा. गुणसूत्राचा दोष म्हणजे अख्खं पोतं जास्त किंवा कमी असणं. जनुकाचा दोष म्हणजे पोती बरोबर, पण आतला एक दाणा किडका. डाऊन सिंड्रोम (एकविसावं गुणसूत्र जास्तीचं असणं) पहिल्या प्रकारातला, थॅलेसेमिया (रक्त नीट न बनण्याचा आजार) दुसऱ्या. दोन्हींच्या तपासण्या वेगळ्या आहेत आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात (प्रश्न १३).

२. मुलगा की मुलगी, हे कोणामुळे ठरतं?

वडिलांच्या शुक्राणूतून एक्स गेलं तर मुलगी, वाय गेलं तर मुलगा. आईकडे द्यायला एक्सच असतं. लागोपाठ मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणं हा तिच्यावर उघड अन्याय आहे.

३. नाडकचेरीतून (कर्नाटकातल्या महसूल कचेरीतून) काढलेला वंशवृक्ष आहे, हेळव्याच्या (वंशावळी सांगत फिरणाऱ्याच्या) चोपडीत जुन्या पिढ्याही आहेत. डॉक्टरांना तेच दाखवलं तर चालेल का?

सोबत जरूर न्या, पण तेवढ्यावर भागणार नाही. नाडकचेरीचा वंशवृक्ष वारसा लावण्यासाठी असतो, त्यात वारस कोण एवढंच दिसतं. सहा महिन्यांचं होऊन गेलेलं मूल, पडलेला गर्भ, मृत जन्मलेलं बाळ यांना तिथे जागा नसते, आणि आनुवंशिक आजाराचा माग पुष्कळदा नेमका त्यांच्यातूनच लागतो. हेळवी पिढ्यान्‌पिढ्यांची नावं घडाघडा सांगतात, पण त्यांची ओळ बहुधा पुरुषांची असते. लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि त्यांची मुलं तिथे सापडत नाहीत.

या कागदांवरून नावं आणि गावं उतरवून घ्या, मग दोन्हीकडच्या आज्यांसमोर बसा. आईच्या माहेरी विचारायला विसरू नका. पहिलं बाळंतपण तिथे झालेलं असतं, त्यामुळे लहानपणीच गेलेल्या बाळाची खरी हकिगत पुष्कळदा सासरी कुणालाच ठाऊक नसते.

४. आजाराचा वंशवृक्ष काढायचा कसा?

मोठा कागद आडवा धरा आणि पेन्सिलीनेच सुरुवात करा, कारण खोडाखोड होणारच. ज्याच्या आजारामुळे तपास सुरू झाला त्याला कागदाच्या खालच्या भागात मध्यावर ठेवा आणि त्याच्याकडे बाण काढा. त्याची भावंडं शेजारी, थोरलं डावीकडे. वर आईबाप, त्यांची सगळी भावंडं, त्यांच्या वर आजी-आजोबा. तीन पिढ्या ही किमान मर्यादा आहे.

खुणा जगभर सारख्याच आहेत. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ, लिंग माहीत नसेल तर पत्त्यातल्या चौकटसारखी खूण. आजारी माणसाची खूण पूर्ण काळी करायची, वाहकाची (जनुकाची एकच प्रत सदोष, पण स्वतः निरोगी अशा माणसाची) अर्धी. एक्सवरच्या दोषाची वाहक बाई असेल तर वर्तुळात मधोमध ठिपका. मृत व्यक्तीवर तिरकी रेघ, पडलेल्या गर्भासाठी छोटा त्रिकोण. नवरा-बायकोंना जोडणारी आडवी रेघ, आणि दोघांत रक्ताचं नातं असेल तर तीच रेघ दुहेरी. जुळ्यांच्या रेघा एकाच बिंदूतून फुटतात आणि एकबीज जुळी असतील तर त्या दोन रेघा आडव्या दांडीने जोडतात. पिढ्यांना रोमन आकडे, पिढीतल्या माणसांना डावीकडून साधे आकडे. मग दुसऱ्या पिढीतला तिसरा माणूस कोण, हे नाव न घेताही सांगता येतं.

प्रत्येक खुणेखाली वय, गेला असेल तर कितव्या वर्षी गेला, आणि कारण. इथेच खरी मेहनत आहे. ‘तापाने गेला’ या उत्तरावर थांबू नका. किती महिन्यांचा होता? रक्त चढवलं होतं का? पोट फुगलं होतं का? चालायला लागला होता, की चालता चालता पडायला लागला? दात पडल्यावर किंवा सुंता केल्यावर रक्त थांबत नव्हतं का? आजीला आजाराचं नाव आठवत नसलं तरी या खुणा आठवतात.

चुका ठरलेल्या आहेत. आजारी माणसंच काढली जातात आणि निरोगी भावंडं गाळली जातात, मग प्रमाण कळायचा मार्गच बंद होतो. दुसऱ्या लग्नाची मुलं पहिल्याच जोडप्याखाली जातात. दत्तक मूल रक्ताचं म्हणून काढलं जातं, त्याची खूण कंसात टाकायची असते. शेवटी कोपऱ्यात तारीख आणि माहिती कोणी सांगितली ते लिहा.

५. आमच्या सासऱ्यांना आम्ही मामाच म्हणतो. कागदावर काय लिहायचं?

नात्याचा शब्द लिहायचाच नाही, ‘कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी’ एवढंच लिहायचं. आपल्याकडे सून सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणते. घरात कन्नड असेल तर ‘मावा’ म्हणजे मामाही आणि सासराही, ‘अत्ते’ म्हणजे आत्याही आणि सासूही. त्यामुळे ‘मामांना हाच त्रास होता’ हे वाक्य ऐकलं की लगेच विचारा: तुमच्या आईचे सख्खे भाऊ, की नवऱ्याचे वडील? एकात तुमच्या रक्ताचा संबंध आहे, दुसऱ्यात नाही.

आणि उत्तर ‘दोन्ही’ असंही येतं, कारण मुळात आत्याच्या मुलाला दिलेल्या पोरीचा सासरा हा आत्याचा नवरा असतो, आणि मामाची मुलगी केलेल्या मुलाचा सासरा हा त्याचा मामाच असतो. अशा वेळी एकच माणूस दोन ठिकाणी काढू नका. चौकोन एकच ठेवा आणि त्याला दोन्हीकडून रेघा आणा, कागद वेडावाकडा दिसला तरी चालेल. दोनदा काढला की रक्ताच्या नात्याचा फेरा कागदावरून नाहीसा होतो, आणि तोच तर शोधायचा असतो.

६. वृक्ष तयार झाला. आता आजार कोणत्या वाटेने उतरतोय हे कसं ओळखायचं?

आधी उभं पाहा, मग आडवं.

प्रत्येक पिढीत कोणी ना कोणी आजारी, बायका-पुरुष दोघंही, आणि बापाकडून मुलालाही गेलेला दिसतो: हा प्रभावी दोष. हंटिंग्टन, मार्फान अशी उदाहरणं. आजारी माणसाच्या प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता.

आईबाप निरोगी, पण भावंडांत दोघं-तिघं आजारी, वरच्या पिढ्या कोऱ्या: हा अप्रभावी दोष, दोन्ही प्रती सदोष असतील तरच आजार होतो. थॅलेसेमिया, सिकलसेल इथले. दोन्ही आईबाप वाहक असतात आणि प्रत्येक गर्भाला २५ टक्के शक्यता असते. दुहेरी रेघ असेल तर संशय बळावतो.

फक्त मुलगे आजारी आणि त्यांना जोडणाऱ्या बायका निरोगी: हा एक्सवरचा दोष. हिमोफिलिया (रक्त न थांबण्याचा आजार), ड्युशेन स्नायूदुर्बलता, लाल-हिरव्याचं रंगांधळेपण. बाप मुलाला वाय देतो, एक्स देत नाही, म्हणून हा दोष बापाकडून मुलाकडे जात नाही. एक अपवाद भासतो, तो प्रश्न १६ मध्ये.

आजारी आईच्या सगळ्या मुलांना धोका, पण आजारी बापाच्या एकाही मुलाला नाही: मायटोकॉन्ड्रियाचा दोष. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक, आईच्याच बीजातून येतात.

आपल्या भागातली खास फसगत अशी: जवळच्या नात्यात लग्नं होणाऱ्या घरात अप्रभावी आजारही प्रभावी असल्यासारखा दिसतो. आजारी माणसाने नात्यातल्याच वाहकाशी लग्न केलं की त्यांच्या निम्म्या मुलांना आजार होऊ शकतो, आणि दोन पिढ्या सलग काळ्या दिसतात. म्हणून निष्कर्ष काढण्याआधी दुहेरी रेघा मोजा. दुसरं म्हणजे, दोनच मुलांच्या घरात वाट दिसतच नाही. तिथे आजी-आजोबांची भावंडं, त्यांची मुलं, असं रुंद जावं लागतं.

७. चुलत, मामे, आते, मावस: कोणाच्या आजाराची मी काळजी करायची?

मराठीने हे चार शब्द वेगळे ठेवले आहेत, हे वंशवृक्ष वाचणाऱ्याचं भाग्यच. प्रत्येक शब्दात रक्ताची वाट लिहिलेली आहे.

अप्रभावी दोषासाठी चारही नाती सारखीच. सख्ख्या चुलत, मामे, आते, मावस भावंडांत सरासरी एक-अष्टमांश जनुकं सामाईक असतात.

एक्सवरच्या दोषासाठी मात्र चौघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुम्ही पुरुष आहात आणि मावसभावाला हिमोफिलिया आहे, तर काळजी रास्त आहे. तुमची आई आणि मावशी सख्ख्या बहिणी, दोष त्यांच्या आईकडून दोघींकडे आलेला असू शकतो. मामेभावाला असेल तर तो मामीकडून आला. मामाने त्याला वाय दिलं आहे, तुमचा संबंध नाही. चुलतभावाला असेल तर तो चुलतीच्या माहेरचा. आतेभावाला असेल तर आत्या वाहक, पण तुमचे वडील निरोगी आहेत म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक्सवर तो दोष नाही. हे सगळं मामी किंवा चुलती तुमच्या आईच्या नात्यातली नसेल तर.

सैन्यभरतीत हा प्रश्न दरवेळी येतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, त्यामुळे गावोगावची पोरं वर्षभर पळण्याचा सराव करतात आणि ठिपक्यांच्या इशिहारा पाट्यांपाशी अडकतात. ‘वडिलांची नजर तर उत्तम आहे’ असं ते म्हणतात. वडिलांना विचारून उपयोग नाही, आईच्या वडिलांना आणि मामांना विचारा. सख्ख्या मामाला रंगांधळेपण असेल तर आई वाहक असण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक भाच्याला एक-चतुर्थांश. हे भरतीच्या तयारीआधी तपासून घेणं शहाणपणाचं, कारण यावर उपचार नाही आणि सरावाने ते जात नाही.

८. पहिलं मूल आजारी निघालं. चारात एक असेल तर पुढची तीन सुखरूप ना?

नाही. २५ टक्के हा प्रत्येक गर्भाचा स्वतंत्र आकडा आहे. मागच्या बाळाची आठवण शुक्राणूला किंवा बीजाला नसते. दोन आजारी झाल्यावरही तिसऱ्याला तेवढीच शक्यता, आणि निरोगी असण्याची ७५ टक्के.

९. मामाची मुलगी करायची आमच्यात रीतच आहे. धोका खरंच किती?

अवास्तव भीती नको आणि दुर्लक्षही नको. नात्यात नसलेल्या कोणत्याही जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मजात दोषाची शक्यता साधारण २ ते ३ टक्के असते. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात ती साधारण दुप्पट होते, म्हणजे ४ ते ६ टक्के. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर अशा जोडप्यांची बहुसंख्य मुलं निरोगी असतात. मात्र घरात एखादा अप्रभावी आजार आधीच असेल तर हा सरासरी आकडा विसरा आणि प्रश्न १० वाचा.

नातं जितकं जवळचं, तितकी एकाच पूर्वजाची तीच प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता जास्त. मुलाच्या कोणत्याही एका जनुकाच्या दोन्ही प्रती अशा एकच असण्याचं प्रमाण आते-मामे लग्नात १/१६, मामा-भाचीच्या लग्नात १/८, आणि एकाचे आजी किंवा आजोबा आणि दुसऱ्याचे आजी किंवा आजोबा सख्खी भावंडं असतील तर त्या नातवंडांच्या लग्नात १/६४. साटंलोटं झालेल्या घरांकडे विशेष लक्ष द्या. भाऊ-बहिणीची एक जोडी दुसऱ्या भाऊ-बहिणीच्या जोडीत दिली गेली, आणि पुढच्या पिढीत त्यांच्या मुलांचं लग्न लावलं, तर ती दोन्ही बाजूंनी भावंडं असतात. तिथे आकडा १/१६ राहत नाही, मामा-भाचीइतका १/८ होतो. आणि तीन-चार पिढ्या नात्यातच लग्नं होत आली असतील तर हे आकडे एकात एक मिळवत जावे लागतात.

१०. भावाला थॅलेसेमिया मेजर (दोन्ही प्रती सदोष असलेला गंभीर प्रकार) आहे. मी निरोगी आहे आणि मामाच्या मुलीशी सोयरीक ठरते आहे. काय करू?

आधी हिशेब. भाऊ आजारी, म्हणजे तुमचे आईबाप दोघंही वाहक. तुम्ही निरोगी आहात, त्यामुळे चारातली ‘आजारी’ ही शक्यता गळाली. उरलेल्या तीनपैकी दोनांत वाहक, म्हणून २/३. आई वाहक म्हणून मामा वाहक असण्याची शक्यता १/२, त्याच्या मुलीची १/४. दोघं वाहक असतील तर मूल आजारी होण्याची १/४. गुणाकार: २/३ × १/४ × १/४ = १/२४, म्हणजे ४ टक्क्यांच्या वर. हीच मुलगी नात्याबाहेरची असती आणि वाहकांचं प्रमाण साधारण तीसात एक धरलं, तर हिशेब १/१८० होतो.

पण हा गुणाकार इथेच सोडून द्या, कारण दोघांची रक्ततपासणी (प्रश्न १२) केली की शक्यतेच्या जागी हो किंवा नाही येतं. आधी तुमची करा. तुम्ही वाहक नसाल तर मुलगी वाहक असली तरी मुलाला मेजर होत नाही. तुम्ही वाहक निघालात तरच तिची करा. सुपारी फुटण्याआधी करा, हळदीच्या आदल्या दिवशी नाही.

११. गोत्र वेगळं, देवकही वेगळं. मग रक्त एक कसं?

गोत्र, कुळी, देवक हे बापाच्या ओळीने चालतात, वाय गुणसूत्रासारखे. सगोत्र टाळल्याने एक ओळ टळते. मामाच्या मुलीचं गोत्र तुमच्यापेक्षा वेगळंच असणार, तरी आजी-आजोबा तेच आहेत. जनुकं आईकडूनही तितकीच येतात, आणि तिचं गोत्र लग्नात बदललं म्हणून तिची गुणसूत्रं बदलत नाहीत.

१२. एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये काय बघायचं? ‘आयर्न कमी आहे’ म्हणून वाहकपणा नाकारता येतो का?

मुख्य आकडा एचबी ए-२ या हिमोग्लोबिनच्या प्रकाराचा. साधारण ३.५ टक्क्यांच्या वर असेल आणि लाल पेशी लहान असतील (एमसीव्ही ८० च्या खाली, एमसीएच २७ च्या खाली), तर बीटा थॅलेसेमियाचा वाहक. ३.५ च्या आसपास घुटमळत असेल तर घाई करू नका. लोहाची कमतरता ए-२ खाली ओढते आणि वाहक निसटतो, बी-१२ ची कमतरता कधीकधी तो वर ढकलते. आधी कमतरता भरून काढून तपासणी पुन्हा करा. गर्भवती असेल तर थांबायला वेळ नसतो, तिथे नवऱ्याची तपासणी लगेच करावी.

रक्त चढवलेल्या मुलाची एचपीएलसी तीन महिन्यांच्या आत केली तर दात्याचं रक्त मोजलं जातं आणि ‘नॉर्मल’ येतं. अशा वेळी आईबापांची करणं जास्त उपयोगी. वाहक माणूस आजारी नसतो. त्याला उगाच महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या देऊ नयेत, लोह खरोखर कमी असेल तरच द्याव्यात.

१३. कॅरिओटाइप करायला सांगितलंय. नमुना कसा द्यायचा, आणि ‘वाढ झाली नाही’ असं का येतं?

ही पोती मोजायची तपासणी (प्रश्न १). त्यासाठी पेशी जिवंत लागतात, कारण प्रयोगशाळेत त्या साधारण ७२ तास वाढवून, विभागताना थांबवून, रंगवून मग पट्ट्या वाचतात. बहुतेक गडबड रक्त काढतानाच होते.

नळी हिरव्या झाकणाची, सोडियम हेपॅरिनची. प्रौढाचं २ ते ३ मिली, तान्ह्याचं १ ते २ पुरतं. नळी आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करा, नाहीतर गुठळी होते. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी डीएनए तपासणीसाठी असते. तिच्यात पेशी नीट वाढत नाहीत, आणि सगळ्यात जास्त चूक हीच होते. बर्फावर ठेवू नका, फ्रीजरमध्ये तर मुळीच नको. एप्रिल-मेमध्ये बेळगावहून बेंगळुरू किंवा पुण्याला नमुना पाठवताना बसच्या डिकीत किंवा टपावर टाकलेली नळी भाजून निघते. थर्मोकोलच्या डब्यात, सावलीत, २४ ते ४८ तासांत पोहोचली पाहिजे. शुक्रवारी संध्याकाळी रक्त काढू नका, रविवार मध्ये येतो. लेबलवर नाव, वय, काढल्याची वेळ हवी. एकाच घरातले चौघे असतील तर एक नळी पूर्ण करून लेबल लावा, मगच दुसऱ्याची सुई घ्या.

रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात. कॅरिओटाइप नॉर्मल आला म्हणजे सगळे आनुवंशिक आजार नाहीत, असं होत नाही. पन्नास लाख अक्षरांहून छोटा फरक त्यात सहसा दिसत नाही. थॅलेसेमियाची शंका असताना कॅरिओटाइप करणं म्हणजे दाणा तपासायला पोती मोजणं.

रिपोर्टमध्ये ‘९ क्यू एच प्लस’ किंवा ‘नऊचं इन्व्हर्जन’ लिहिलं असेल तर घाबरू नका. ही निरोगी माणसांतही सर्रास आढळणारी ठेवण आहे, गर्भपाताचं किंवा मतिमंदत्वाचं कारण नव्हे.

१४. आईचं वय २३, तरी बाळाला डाऊन सिंड्रोम कसा? पुढच्यालाही होईल का?

वय वाढलं की शक्यता वाढते हे खरं: पंचविशीत साधारण १२५० बाळंतपणांत एक, पस्तिशीत साधारण ३५० त एक, चाळिशीत १०० त एक. पण तरुण आयांची बाळंतपणंच जास्त होतात, म्हणून डाऊनची पुष्कळ मुलं तरुण आयांचीच असतात.

बाळाचा कॅरिओटाइप करणं आवश्यकच, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. साधारण ९५ टक्के बाळांत एकविसावं गुणसूत्र सुटंच तिसरं आलेलं असतं. हा विभागणीतला योगायोग. पुढच्या वेळी शक्यता साधारण १ टक्का, किंवा आईच्या वयानुसार जी असेल ती, दोन्हींत जी जास्त. ३ ते ४ टक्क्यांत मात्र जास्तीचं एकवीस दुसऱ्या गुणसूत्राला, बहुधा चौदाव्याला, चिकटलेलं असतं. असं असेल तर आईबाप दोघांचा कॅरिओटाइप करायचा. एखाद्याच्या रिपोर्टमध्ये ४५ गुणसूत्रं येतात आणि तो ठणठणीत असतो, कारण सामान सगळं आहे, दोन पोती एकत्र शिवलेली आहेत. आई अशी वाहक असेल तर पुढच्या बाळाला १० ते १५ टक्के धोका, बाप असेल तर पुष्कळच कमी. एकवीसला एकवीसच चिकटलेलं असेल तर जन्मणारं प्रत्येक मूल डाऊनचंच असतं, आणि हे जोडप्याला स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवं. वाहकाच्या भावंडांचीही तपासणी करा.

१५. दोनदा-तीनदा गर्भ पडला. दोष बायकोतच असणार ना?

असं गृहीत धरू नका. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांची गुणसूत्रंच चुकलेली असतात, आणि त्यात बहुतेक वेळा कोणाचाच दोष नसतो. वारंवार गर्भपात होणाऱ्या दर शंभर जोडप्यांत तीन ते पाच जोडप्यांत एकजण संतुलित स्थानांतराचा (गुणसूत्राचा भाग दुसऱ्याला चिकटलेला, पण सामान सगळं पुरेपूर) वाहक असतो. तो नवराही असू शकतो. म्हणून कॅरिओटाइप दोघांचा एकाच वेळी करा. फक्त बायकोला पाठवणं ही अर्धी तपासणी झाली.

१६. बापाला हिमोफिलिया, मुलालाही हिमोफिलिया. मग तो एक्सवरचा कसा?

मुलाला तो आईकडूनच आलेला असतो. मामा आणि भाचा दोघांना हिमोफिलिया आहे अशी कल्पना करा. एक्सवरच्या आजारात हे नेहमी दिसतं. हिमोफिलियाच्या मामाच्या सगळ्या मुली वाहक असतात, कारण त्याच्याकडे एकच एक्स आहे आणि तोच तो मुलींना देतो. भाच्याने यातल्या मुलीशी लग्न केलं की नवरा आजारी, बायको वाहक. त्यांच्या निम्म्या मुलग्यांना हिमोफिलिया, आणि मुलींपैकी निम्म्यांनाही. ‘मुलींना होत नाही’ हा समज अशा घरात घातक ठरतो. मुलगी वयात आल्यावर किंवा बाळंतपणात रक्त थांबत नाही आणि कोणाच्या डोक्यात हिमोफिलिया येत नाही.

उलट, मामा निरोगी असेल तर हा दोष मामाकडून त्याच्या मुलीला येऊच शकत नाही.

१७. दोन्हीकडे सात पिढ्यांत कुणाला नाही. मग आमच्याच मुलाला कुठून?

कारणं वेगवेगळी असतात. अप्रभावी दोष पिढ्यान्‌पिढ्या लपून चालतो. प्रभावी आजारात दोष नव्यानेच घडलेला असू शकतो. अकॉन्ड्रोप्लेझिया या ठेंगणेपणाच्या साधारण ८० टक्के मुलांचे आईबाप सामान्य उंचीचे असतात. ड्युशेनमध्ये घरात एकच मुलगा आजारी असेल तर साधारण दोन-तृतीयांश वेळा आई वाहक असते, एक-तृतीयांश वेळा दोष नवा असतो. आणि रक्ततपासणीत आई वाहक नाही असं आलं तरी तिच्या काही बीजांत तो दोष असू शकतो, म्हणून पुढच्या गर्भाची तपासणी सुचवली जाते. मावश्यांना सांगायचं की नाही, हे आईच्या तपासणीवर ठरतं.

१८. आईबाप दोघांचा रक्तगट ओ, बाळाचा बी. घरात वादळ उठलंय.

कोणाच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याआधी रक्त पुन्हा तपासा. सगळ्यात साधं कारण म्हणजे नोंदीतली चूक. दुसरं कारण बॉम्बे रक्तगट, जो १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी प्रथम नोंदवला. या माणसांत बीचं जनुक असू शकतं, पण ज्यावर बी तयार होतो तो एच पदार्थच तयार होत नाही. म्हणून साध्या तपासणीत गट ‘ओ’ दिसतो. जोडीदाराकडून बाळाला एच मिळाला की लपलेला बी उघड होतो.

रक्तपेढीत अँटी-एच लावून आणि ओ पेशींशी उलट तपासणी करून हे कळतं. हा दोष अप्रभावी आहे, म्हणून नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतो, आणि भावंडांत प्रत्येकी २५ टक्के शक्यता असते. निदान झालं तर सगळ्या भावंडांची तपासणी करा. या माणसाला साधं ओ रक्तही चालत नाही, फक्त बॉम्बेच चालतं.

१९. गर्भातच तपासणी करता येते का? कायद्याने चालते का?

चालते. १९९४ चा कायदा गर्भलिंग सांगण्यावर बंदी घालतो, पण गुणसूत्रांचे दोष, थॅलेसेमियासारखे रक्ताचे आजार आणि लिंगाशी जोडलेले आजार यांची तपासणी नोंदणीकृत केंद्रात करता येते. वारेचा तुकडा ११ ते १३ आठवड्यांत, गर्भजल १५-१६ आठवड्यांनंतर. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने आणि ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी २४ पर्यंत दोघांच्या मताने होतो. गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यापुढे वैद्यकीय मंडळ ठरवतं.

वेळ इथे हातातून निसटतो. थॅलेसेमियात आधी आईबापांचं नेमकं म्युटेशन, म्हणजे जनुकातला बदल, माहीत हवं, भारतात बरेचदा ते आयव्हीएस १-५ असतं, आणि ते शोधायलाच दोन ते चार आठवडे जातात. पाळी चुकल्यावर धावपळ करण्यापेक्षा गर्भ राहण्याआधी हा रिपोर्ट हातात ठेवा.

२०. मी वाहक निघालो. नातेवाइकांना सांगितलं तर बहिणीची सोयरीक मोडेल, ही भीती आहे.

भीती खरी आहे, म्हणून कोणाला काय सांगायचं ते नेमकं ठरवा. सख्ख्या भावंडांना प्रत्येकी ५० टक्के शक्यता आहे, त्यांना सांगणं आधी. आईबापांपैकी कोण वाहक ते तपासलं की काका-आत्या की मामा-मावशी, यातली एक बाजू सुटते आणि अर्ध्या घराला उगाच घोर लागत नाही. वाहकाने वाहक नसलेल्याशी लग्न केलं तर आजारी मूल होत नाही. सोयरीक मोडायचं कारणच नाही, फक्त समोरच्याची तपासणी हवी. हे सासरच्यांना डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं तर जास्त पटतं. प्रयोगशाळेने तुमचा रिपोर्ट तुमच्या संमतीशिवाय कुणालाही द्यायचा नसतो.

भावंडांना ‘मला काहीतरी निघालंय’ एवढंच सांगू नका. रिपोर्टची झेरॉक्स द्या. तिच्यावर म्युटेशनचं नाव असेल तर त्यांची तपासणी तेवढ्याच एका जागी होते, आणि खर्च व वेळ दोन्ही वाचतं.